पहिला मान कोणाचा?

ज्याने रान तोडून पहिले शेत केले, त्याचा त्या भूमीवरील हक्क किती पिढ्या टिकतो? आणि जो मागाहून आला, परंतु तितक्याच निष्ठेने तेथे राबला, तो त्या पहिल्याचे काय देणे लागतो? पेडणे व डिचोली महालांत हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नाही. गावचा सडा विकायला निघतो, तेव्हा तो प्रत्येक जुन्या घराच्या ओटीवर येऊन बसतो.

आपली बहुतेक मराठी घराणी येथे बाहेरून आली. कोणी सावंत-भोसल्यांच्या चाकरीत आले, कोणी वतनावर, कोणी पौरोहित्यासाठी. 1781 मध्ये डिचोली आणि 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीज अमलाखाली गेले, तेव्हा या महालांची गणना नव्या काबिजादीत झाली. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात झाला तसा देवळांचा विध्वंस येथे झाला नाही. त्यामुळे आपल्याकडे देव राहिले, मान राहिले, कागदही राहिले. या सातत्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मात्र सातत्य जपणारे आपण येथले आरंभकर्ते नव्हेत. आपल्याआधी डोंगरउतारावर कुमेरी करणारा गावडा होता आणि सड्यावर गुरे चारणारा धनगर होता.

गावकरी ही संस्था याच ‘आधी’च्या कल्पनेवर उभी आहे. तिसवाडीच्या बेटांसंबंधी आफोंसो मेशिया याने 1526 मध्ये जो फोराल तयार केला, त्यात गावकर म्हणजे ओसाड भूमी लागवडीस आणणाऱ्यांचे वंशज, अशी परंपरा नमूद आहे. जमीन एकट्याची नव्हे, गावाची. बांध, मानस, देऊळ यांचा खर्च प्रथम, आणि उरेल त्याची गावकऱ्यांत जोण. ‘माझे’ या शब्दाला इतका नेटका लगाम घालणाऱ्या व्यवस्था जगात फार नाहीत. तरीही खाजनाचा बांध ज्या हातांनी घातला, त्या हातांना जोण मिळालीच असे नाही, आणि लेकींना तर ती परंपरेने नव्हतीच. म्हणजे ‘पहिला’ कोण, हे बहुधा ज्याच्या हाती लेखणी होती त्याने ठरवले.

इबेरियातून निघालेली दुसरी सत्ता, स्पेन, 1598 मध्ये आजच्या न्यू मेक्सिकोत वसाहत करून राहिली. तेथील मातीच्या बहुमजली घरांतून राहणाऱ्या शेतकरी समाजांना तिने ‘पुएब्लो’ म्हटले. त्या शब्दाचा अर्थ साधाच आहे: गाव. या गावांनी 1680 मध्ये एकजुटीने उठाव करून स्पॅनिशांना हुसकले. ते 1692 मध्ये परतले. पुढे अमेरिकेच्या अमलात, 1906 मध्ये, ताओस नावाच्या पुएब्लोचे पवित्र ‘निळे तळे’ सरकारी राखीव वनात घेण्यात आले. ती भूमी अन्यायाने घेतली गेली, असा निर्वाळा एका आयोगाने 1965 मध्ये दिला आणि पैशाच्या भरपाईचा मार्ग मोकळा केला. ताओसकरांना भरपाई नको होती. त्यांना तळे हवे होते. अखेर डिसेंबर 1970 मध्ये कायदा होऊन तळ्यासह सुमारे 48,000 एकर भूमी परत मिळाली. आज ताओसचे कित्येक लोक तटाबाहेरच्या नव्या घरांत राहतात, नोकऱ्या करतात. परंतु जुन्या वस्तीत वीज आणि नळ त्यांनी आणू दिलेले नाहीत, आणि तळ्याकडे परक्याला वाट नाही.

ताओसकरांच्या नकारात एक विचार आहे. हानी मोजता येते म्हणून ती भरून काढता येते, असे नव्हे. भरपाई देणारा आपले ओझे उतरवतो. घेणाऱ्याचे स्थान मात्र परत येत नाही.

आपल्याकडची दोन उदाहरणे या कसोटीवर पाहावीत. डिचोलीतील मये गावची बरीचशी जमीन, मालक पोर्तुगालला गेल्याने, 1964 च्या कायद्यान्वये कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या राबणारे ग्रामस्थ आपल्याच अंगणात कागदावाचून राहिले. 2014 मध्ये ती मालकी रद्द करणारा कायदा झाला आणि त्यानंतर सनदा वाटण्यात आल्या. येथे उशिरा का होईना, राबणाऱ्याला त्याच्याच पायाखालची भूमी मिळाली. पेडण्यात मोपाच्या सड्यावर नेमके उलट घडले. डिसेंबर 2022 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधी तेथील धनगर कुटुंबांना आपली वस्ती सोडून दुसरीकडे जावे लागले. गावडा, कुणबी व वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळाले होते, धनगरांना ते मिळाले नाही. घराबदली घर देता येते. परंतु गुरांना ठाऊक असलेली पाण्याची वाट आणि देवाची जागा यांच्याबदली काय द्यावे?

यावर एक आक्षेप खरा आहे. पहिलेपणाचा हिशेब मागे नेत गेलो तर तो कोठे थांबवायचा? गावड्याच्याही आधी कोणी नव्हते कशावरून? आणि चारपाचशे वर्षे येथे नांदलेल्यांनी आता उठून जावे काय? याचे उत्तर आपल्या देवळांतच आहे, असे मला वाटते. संतेरीच्या कित्येक गाभाऱ्यांत मूर्तीच्या जागी रोयण पुजली जाते: कोणाच्याही आधीची, भुईतून वर आलेली माती. गाऱ्हाण्यात थोर देवतांबरोबर गावपुरुष आणि पूर्वस यांनाही हाक दिली जाते. त्या हाकेने गावपुरुषाच्या नावे जमीन होत नाही. पण त्याला विचारल्यावाचून कार्यही होत नाही. आधी असणे म्हणजे मालकी नव्हे. पहिला शब्द मिळण्याचा अधिकार मात्र नक्कीच आहे.

हा न्याय देवळापुरता ठेवून आपण तो कचेरीच्या दारात विसरतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर आपली नावे आहेत, आणि सड्याच्या विक्रीखतावर सही मागायला दलाल आपल्याकडेच येतो. कायद्याने ती सही पुरेशी असेल. धर्माने ती करण्यापूर्वी गावडेवाड्यावर आणि धनगरांच्या वस्तीवर जाऊन विचारणे आपल्याकडे लागते. तेथून ‘नको’ असे उत्तर आले, तर तेही ऐकण्याची तयारी ठेवूनच जायला हवे; एरवी त्या विचारण्याला अर्थ नाही.