येणार कोण?

विचारायला काही लागत नाही आणि उत्तर द्यायला त्याहून कमी लागतं, अशा प्रश्नांत 'येणार कोण?' या प्रश्नाचा पहिला नंबर लागावा. पाऊस कधी येणार हे सांगताना वेधशाळासुद्धा जरा चाचरते. पण अमेरिकेत अमुक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी कोणाला मिळणार, हे आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त बँक मॅनेजर चहाचा कप खाली न ठेवता सांगतात. कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांची मुलं तिकडे असल्यामुळे आयोवा आम्हाला आता सासवडपेक्षा जवळचं वाटतं. 2024 ची निवडणूक आटोपली त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी 2028 चे उमेदवार जाहीर करून टाकले. तेही दोन्ही पक्षांचे! कर्जदारांच्या बाबतीत त्यांची नजर इतकी लांबचं पाहत नसे, असं त्यांचेच एक जुने हेडकॅशियर म्हणतात. पण ते असो.

या भाकितांचा इतिहास असा आहे, की तो वाचून आपल्याकडच्या कुडमुड्या जोश्याने छाती पुढे काढून चालावं. 1844 साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ज्याचं नाव कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं तो जेम्स पोक नवव्या फेरीत उमेदवार झाला आणि पुढे अध्यक्षही झाला. अशा माणसाला तिकडे काळा घोडा म्हणतात. (आपल्या मुंबईतल्या काळ्या घोड्यावरचा राजा 1965 साली राणीच्या बागेत गेला आणि 2017 साली तिथे नवा घोडा बसवला तो बिनस्वाराचा. उमेदवारीसाठी इतकी सोयीची जागा जगात दुसरी नसेल.) 1924 साली तर याच पक्षाने न्यूयॉर्कमध्ये 103 फेऱ्या केल्या. 103! एवढ्या फेऱ्यांत माणूस सबंध गणपतीच्या देवळाला प्रदक्षिणा घालून पुण्य मिळवतो. यांना मिळाले जॉन डेव्हिस, आणि तेही पुढे पडले. 2007 साली पाहणीवाले एका पक्षात हिलरी क्लिंटन आणि दुसऱ्यात ज्युलियानी यांना पुढे दाखवत होते. 2008 साली समोरासमोर उभे राहिले ओबामा आणि मॅकेन.

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. भाकीत चुकलं तर कोणाचं काय जातं? पण मला एक शंका छळते. पाऊस काही वेधशाळेचं बुलेटिन ऐकत नाही. मतदार ऐकतो.

1972 सालचं न्यू हॅम्पशर घ्या. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मस्की यांना 46 टक्के मतं पडली, मॅकगव्हर्न यांना 37. आता तिसरीतल्या पोराला विचारलं तरी ते सांगेल, की मस्की जिंकले. पण जाणकारांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, की शेजारच्याच राज्यातल्या या माणसाने निम्म्याहून जास्त मतं घ्यायला हवीत. झालं! जिंकलेला माणूस पडल्यासारखा दिसू लागला, हरलेल्याचा भाव चढला, आणि उमेदवारी शेवटी मॅकगव्हर्नना मिळाली. म्हणजे भाकीत चुकलं ते चुकलं, वर शिक्षा ज्याच्याबद्दल केलं त्याला.

केन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1936 साली शेअरबाजाराबद्दल लिहिताना वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर फोटोंतून सर्वांत सुंदर सहा चेहरे निवडायचे, आणि बक्षीस कोणाला, तर ज्याची निवड सर्वांच्या सरासरी निवडीशी जुळेल त्याला. मग आपल्याला कोण आवडलं हे कोण कशाला बघतोय? इतरांना कोण आवडेल, नव्हे, इतरांच्या मते इतरांना कोण आवडेल, यावरच डोकं खपवायचं. सगळे निवडतात, आणि आवडलेलं कोणालाच काही नसतं.

अमेरिकेतल्या पक्षांच्या मतदारांचं थोडं असंच होतं. 2020 साली डेमोक्रॅटिक मतदारांना मतदान केंद्राबाहेर विचारलं जाई, की तुम्हाला मतं जुळणारा उमेदवार हवा की ट्रम्पना हरवणारा? बहुतेक ठिकाणी जास्त लोकांनी हरवणारा हवा असं सांगितलं. आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आलेले बायडन 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना जिंकले आणि 3 मार्चला चौदांपैकी दहा राज्यं घेऊन गेले. त्या मोसमात एक वाक्य फार ऐकू येई. 'माझं काही नाही हो, पण लोक बाईला मत द्यायचे नाहीत.'

हे वाक्य कानावर पडलं आणि मी दचकलो. अहो, हे तर आपल्या घरातलं वाक्य! मुलीने परजातीतला मुलगा पसंत केला की बाप हेच म्हणतो : आमचं काही नाही, पण लोक काय म्हणतील? आमच्या गल्लीत मी चाळीस वर्षं राहतो. हे 'लोक' मला एकदाही भेटलेले नाहीत. जो भेटतो तो 'आमचं काही नाही'वालाच असतो.

एकदा मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "येणार कोण ते कळलं. पण तुम्हाला कोण यावासा वाटतो?" पगार विचारल्यासारखे ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "मुलाला विचारून सांगतो." मुलाकडे ग्रीनकार्ड आहे, मत त्यालाही नाही.

पण अंदाज बांधणं म्हणजे निव्वळ भित्रेपणा, असंही मला म्हणवत नाही. 1964 साली रिपब्लिकन पक्षाने मनापासून गोल्डवॉटर यांना निवडलं. पन्नासांतली सहा राज्यं मिळाली. मॅकगव्हर्नना तर एकच राज्य आणि राजधानी. मनासारखं लग्न केलं आणि वऱ्हाड उपाशी राहिलं, तर वऱ्हाडाने कोणाकडे बघायचं? उलट 1980 साली रेगन यांना फार म्हातारे आणि फार कडवे ठरवणारे शहाणे कमी नव्हते, आणि त्यांनी 44 राज्यं जिंकली. 2008 साली साउथ कॅरोलायनातले कित्येक कृष्णवर्णीय मतदार ओबामांच्या बाबतीत थांबून होते. आयोवातल्या गोऱ्यांनी त्यांना मत दिलेलं पाहिलं, तेव्हा ते हलले. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोकांचा अंदाज बांधल्यावाचून ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं, ती माणसं ती.

आणि 1972 सालीच शर्ली चिझम नावाच्या ब्रुकलिनच्या बाई उमेदवारी मागायला उभ्या राहिल्या. अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेल्या या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्या येणार नाहीत, हे भाकीत करायला ज्योतिषी लागत नव्हता. अधिवेशनात त्यांना सुमारे 152 मतं पडली. त्यांतली काही हंफ्रे यांनी मोकळ्या केलेल्या प्रतिनिधींची होती, म्हणजे सगळीच काही श्रद्धेची नव्हती. बाकीच्यांना मात्र हिशेब येत नव्हता असं थोडंच आहे?

आयोवात 2020 पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाची मोठी मजेदार रीत होती. (2024 साली त्यांनी टपालाने मतं घेतली.) भर थंडीत शेजारीपाजारी शाळेच्या हॉलमध्ये जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. चिठ्ठी नाही, पडदा नाही. डोकी मोजायची. सर्वसाधारणपणे ज्या कोपऱ्यात 15 टक्के डोकी भरली नाहीत, त्या कोपऱ्यातल्यांनी दुसरीकडे सरकायचं, नाहीतर घरी जायचं. मग इतर कोपऱ्यांतून हाका सुरू होत. 'या की इकडे!' कोणी खुर्ची पुढे करी, कोणी बिस्किटांची बशी. मला त्या हॉलमधल्या विजेत्याची फारशी उत्सुकता नाही. कोट अंगात चढवत अजून आपल्याच कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या चारपाच माणसांकडे मात्र बघत राहावंसं वाटतं.