अपयशाचा हक्क

बेसबॉल आपल्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पण त्या खेळातली एक जुनी हकीकत आम्हाला आपल्या जवळची वाटते. गिल हॉजेस हा ब्रुकलिन डॉजर्स संघाचा लाडका फलंदाज. १९५२ च्या हंगामात त्याने ३२ होमरन मारले. मग अजिंक्यपदाची वर्ल्ड सीरिज आली. न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या सातही सामन्यांत मिळून २१ प्रयत्नांत त्याला एकही यशस्वी फटका मारता आला नाही. संघ हरला. पुढच्या वर्षीचा मे उजाडला तरी त्याची बॅट बोलत नव्हती.

अशा वेळी प्रेक्षक काय करतात ते सांगायला नको. ब्रुकलिनने मात्र त्याला धीराची पत्रे धाडली, जपमाळा धाडल्या. १९५३ मधल्या एका उकाड्याच्या रविवारी तिथले पाद्री हर्बर्ट रेडमंड यांनी प्रवचनच दिले नाही. घरी जा, देवाच्या आज्ञा पाळा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा, एवढेच सांगितले. पुढे हॉजेस सावरला, हंगामाअखेर ३१ होमरन झाले. पण ती दुआ मागितली गेली तेव्हा त्याच्या हातून काहीच होत नव्हते, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

त्याच संघात जॅकी रॉबिन्सनही होता, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९४७ साली, पहिल्याच महिन्यात, त्याचीही बॅट थंडावली होती. त्याच्या वाट्याला मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. हॉजेस चुकला तर एकटा हॉजेस चुकत होता; रॉबिन्सन फसला असता तर 'यांना जमत नाही' असा निकाल अख्ख्या समाजावर लागला असता. मग अपयशी होण्याचा हक्क सर्वांना सारखा असतो का?

याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जायला नको. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले. हरले अकराही जण. देशनिष्ठेचा दाखला मागितला गेला तो मोहम्मद शमीकडे. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे त्याच्या बाजूने उभा राहिला, याची नोंद केलीच पाहिजे. पुढे १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर शमीने न्यूझीलंडचे सात बळी घेतले, तेव्हा लोक म्हणाले, बघा, कसे चोख उत्तर दिले! कसले उत्तर? ते सात बळी म्हणजे थकलेल्या कर्जाचा हप्ता होता काय? बळी मिळाले नसते तर तो कमी भारतीय ठरला असता?

मात्र एकाच दिशेला बोट दाखवून आपले भागणार नाही. मार्च २०२५ मध्ये, ऐन रमजानात, चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात शमी मैदानावर पेय पिताना दिसला आणि रोजा का नाही म्हणून एका मौलवींनी त्याला गुन्हेगार ठरवले. प्रवाशाला आणि आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनात आहे. काही उलेमांनी ती लगेच दाखवूनही दिली. गाजला तो आधीचाच शब्द. एका बाजूला बळी मोजणारे, दुसऱ्या बाजूला रोजे मोजणारे! घोट्याच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभराहून अधिक काळ संघाबाहेर राहून हा चौतिशीतला माणूस नुकताच परतला होता. त्या दिवशी त्याने दहा षटके टाकली. दोघांच्याही हिशेबात तो घोटा कुठेच नव्हता.