अर्जुन विसरला होता



आजच्या वाचनात आश्वमेधिक पर्व. युद्ध संपलंय, राज्य मिळालंय, आणि अर्जुन कृष्णाला म्हणतो, तू तेव्हा रणांगणावर जे सांगितलंस ते मी विसरलो, परत सांग. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क हसू आलं होतं. साक्षात गीता ऐकलेला माणूस, आणि विसरतो?

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ सुट्टीवर आला. वय २६, मराठा लाइट इन्फंट्रीचा, सध्या काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सबरोबर. मामा फौजेत होता तेव्हा झेलम एक्स्प्रेसने जम्मूहून पुण्याला यायचा. लांबचा प्रवास, डब्यात बाकीचे सुट्टीवरचे जवान, रात्र-रात्र गप्पा. हा सकाळी श्रीनगरला विमानात बसला आणि रात्री कराडला जेवायला घरी.

जेवण झाल्यावर गच्चीवर बोलला. रात्रभर एका घराला वेढा होता, पहाटे फायरिंग झालं. नंतर मेलेल्याच्या खिशातल्या वस्तूंची यादी करायचं काम याच्याकडे आलं. "दादा, ॲसिडिटीच्या गोळ्या होत्या. मी घेतो त्याच."

मी लगेच अकरावा अध्याय काढला. तू निमित्तमात्र, करणारा तो, वगैरे. तो म्हणाला, "हो दादा." आणि खाली झोपायला गेला. हे "हो दादा" मला ओळखीचं आहे. मॅनेजरला आपण "ओके, नोटेड" म्हणतो ना, तसं.

शिकवण खोटी नव्हती. गोळी झाडली ते चुकलं, असं तोही म्हणत नाही. नसती झाडली तर शेजारचा जोडीदार गेला असता. मग टोचतंय काय? आपण धरून चालतो की काम धर्माचं असेल तर मन आपोआप स्वच्छ राहतं, आणि मन दुखत असेल तर नक्की काहीतरी पाप झालं असणार. महाभारत मात्र असं कुठे मानत नाही. युधिष्ठिराचं बघा. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे त्याला कळतं युद्धानंतर, मेलेल्यांना पाणी देताना. जिंकलेला राजा म्हणतो, मी वनात जातो. भाऊ समजावतात, द्रौपदी सुनावते, व्यास सांगतात. पटकन काहीच लागू पडत नाही. लढाई अठरा दिवसांची, पण महाभारतातलं सगळ्यात मोठं पर्व शांतिपर्व, म्हणजे लढाईनंतरचं.

जोनाथन शे नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर वर्षानुवर्षं उपचार केले. १९९४ साली त्यांनी होमरचा अकिलीस आणि हे सैनिक शेजारी ठेवून पुस्तक लिहिलं. त्यातही भर यावरच आहे की सैनिकाला आपली गोष्ट सांगता आली पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने ती न्याय न करता ऐकली पाहिजे. मी ऐकलंच कुठे? गोळ्यांच्या पट्टीवर मी अध्याय ठेवून दिला. खरं सांगायचं तर भीती त्याला नव्हती, मला वाटत होती.

जायच्या दिवशी स्टँडवर त्याला ही अर्जुनाची गोष्ट सांगितली.

"खरंच विसरला?"

"खरंच."

"मग कृष्ण रागावला का?"

"थोडा रागावला. म्हणाला, तेच जसंच्या तसं आता सांगता येणार नाही. मग दुसरं काहीतरी सांगत बसला, बराच वेळ."

तो हसला. गाडी यायला वीस मिनिटं होती. पिशवी बाकावर ठेवून म्हणाला, "दादा, त्या घरात ना, चुलीवर भात होता..."