सम कोठे असते?

अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांची नावे ज्या ग्रीक तुकड्यांनी बांधलेली आहेत, त्यांत 'हायपर' आणि 'हायपो' या दोन उपसर्गांचा अंमल एवढा मोठा आहे की, अवटु ग्रंथी असो, अधिवृक्क असो वा रक्तातील साखर असो, पुढे यांपैकी एक आणि मागे अवस्थावाचक 'इझम' किंवा रक्तवाचक 'ईमिया' लावला की रोगाची कैफियत पुरी झाली असे समजले जाते. (पुण्यातील रुग्ण हे अवडंबर चालू देत नाहीत; 'मला थायरॉईड आहे' एवढ्यावर ते काम भागवतात, जणू इतरांच्या गळ्यात ती ग्रंथी नसतेच!)

उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो काय, हा वाद यास्काने निरुक्तात नोंदवला आहे. शाकटायनाच्या मते सुटा उपसर्ग काहीच सांगत नाही, तो नामाच्या वा क्रियापदाच्या अर्थाला केवळ उजळा देतो. गार्ग्याला हे मान्य नाही. वैजनाथ काशिनाथ राजवाडे यांनी संपादिलेले निरुक्त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४० साली प्रसिद्ध केले, तेव्हा हा वाद पुणेकरांच्या घरचाच म्हणावयास हरकत नाही. आणि वैद्यकापुरता मी शाकटायनाच्या पक्षाचा आहे, कारण 'अति' आणि 'न्यून' ही दोन्ही पदे कोणत्या तरी समावाचून उभीच राहत नाहीत, आणि ते सम रोगाच्या नावात कोठेही लिहिलेले नसते.

मग ते असते कोठे? प्रयोगशाळेच्या दफ्तरी, असे उत्तर मिळते. निरोगी माणसांची मोजमापे घेऊन मधल्या शेकडा ९५ जणांचा पट्टा प्राकृत ठरवण्याची रूढी आहे. अर्थात शंभर निरोग्यांपैकी सुमारे पाच जण केवळ हिशेबाच्या रीतीमुळेच पट्ट्याबाहेर पडतात. त्यात शरीराचा कारभार असा गुंतलेला की, अवटु ग्रंथी मंदावली म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी तिला चेतवणारा स्राव, म्हणजे टीएसएच, वाढवते, आणि 'हायपो'चा रुग्ण हातातील रिपोर्टावर टीएसएचचा चढलेला आकडा पाहून बुचकळ्यात पडतो. एकीचे न्यून तेच दुसरीचे अति.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर या मापाचीच झडती घेतली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच उदाहरण मांडले: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२. आकडा समच, सम मात्र कोणाचे?

चरकाची भूमिका याहून कठोर आहे. गर्भापासूनच ज्यांचे वात-पित्त-कफ सम, तेच त्याच्या लेखी अनातुर. वातल, पित्तल, श्लेष्मल ही चालतीबोलती माणसे सदातुर, आणि त्यांची ती घडण 'प्रकृती' म्हणून ओळखली जाते इतकेच. प्रयोगशाळा बहुसंख्यांना निरोगी मानूनच मोजणीस बसते, चरक बहुसंख्येची साक्षच काढत नाही. सम हे डोकी मोजून सापडायचे नाही, हा त्याचा आग्रह मला तत्त्वतः अधिक प्रामाणिक वाटतो. परंतु त्याचे सम नळीत उतरत नाही, आणि सकाळी उपाशीपोटी घ्यावयाच्या थायरॉईडच्या गोळीची मात्रा वैद्याला मायक्रोग्रॅममध्येच लिहून द्यावी लागते.