कसेल त्याची गाडी

"साहेब, मला आधी विचारायला पायजे होतं," एवढेच मिस्त्री म्हणाले, आणि फडक्याला हात पुसत आत निघून गेले.

गेल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझी जुनी, दोनच माणसांची मोटार पाहायला मुंबईहून एक गिऱ्हाईक आले होते. गाडी असते लातूरला माझ्या दारी. पण तिच्या इंजिनाची परीक्षा व्हायची तर ती नांदेडच्या मिस्त्रींसमोरच व्हायची, म्हणून आम्ही तिकडे गेलो. गिऱ्हाइकाने किंमत चांगली सांगितली. माझे वय झाले आहे, मुलगा परगावी आहे, त्याला या गाडीत रस नाही. मी मान डोलावली. नोंदणीपुस्तक माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर. यात तिसऱ्याला विचारायचे कशासाठी, असेच त्या घटकेला मला वाटले. परतीच्या वाटेवर मात्र मिस्त्रींचे ते वाक्य लातूरपर्यंत माझ्या शेजारी बसून आले.

जन्मभर मी वकिली केली, आणि तीही मराठवाड्यात. मालकी आणि कब्जा या दोन शब्दांवर माझी चूल पेटत आली. तरीही हा दावा मला नवा होता. कारण यात प्रतिवादी मीच होतो.

गाडी १९५२ सालची आहे. एम. जी. नावाच्या इंग्रजी मोटारींपैकी टी. डी. या जातीची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी ती जन्मली. साडेबाराशे सी. सी.चे इंजिन, दोन कार्बोरेटर, गुंडाळून ठेवता येणारे कापडी छप्पर, आणि अंगावरच्या पत्र्याखाली चक्क लाकडाचा सांगाडा. १९८८ साली मी ती हैदराबादेतून ट्रकवर घालून आणली, तेव्हा तो सांगाडा उघडा पाहून आमचा सुतार हसला. म्हणाला, "ही तर आपली बैलगाडीच की, वकीलसाहेब!" कुजलेल्या दोन पट्ट्यांच्या जागी त्याने सागवान बसवले, ते अजून तसेच आहे. तिचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला. एम. जी. हे नाव हातोहात विकले जात आज एका चिनी उद्योगाच्या मालकीचे झाले आहे. नावाचा मालक इतका दूर असतो. गाडीचा मालक कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिचे वजन आजच्या थोराड मोटारीच्या जेमतेम निम्मे भरेल. सुख म्हणाल तर ते याच हलकेपणात आहे. बसल्यावर हात खाली सोडला तर रस्त्याच्या धुळीपासून वीतभरच उरतो. वाटेतला खडा स्टिअरिंगमधून तळहाताला कळतो. चाकूरच्या पुढे हिवाळ्यात ज्वारी निसवलेली असली म्हणजे तिचा ओलसर वास अंगावर येतो. बंद काचांच्या गाडीतून जाणाऱ्याला तो ठाऊकही नसतो. वेग फार नाही, पण वेगाचा आनंद फार आहे.

मात्र हलक्या वस्तूचा एक स्वभाव असतो. तिच्यापाशी शिल्लक काही नसते. जाड भिंतीला दहा वर्षे गिलावा केला नाही तरी ती उभी राहते. हलक्या वस्तूची आठ दिवस आबाळ झाली की ती बोलू लागते. आमच्या लातूरला हे नवीन नाही. बार्शी लाइट रेल्वे आमच्या गावी १९११ साली आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने ती अडीच फुटी रुळांवर उभी केली. दर आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, आणि तो साऱ्या आसांवर सारखा वाटला गेला पाहिजे, हे त्याचे सूत्र. त्यामुळे बारीक रुळांवरून चांगल्या वजनाचा माल जाई. हाच गृहस्थ पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी हवाई छत्री तयार करण्याच्या मागे लागला. मला यात विसंगती दिसत नाही. हलक्या रुळावर मालगाडी सोडणे काय किंवा कापडाच्या तुकड्यावर जीव टांगणे काय, दोन्हीकडे कुणीतरी प्रत्येक टाका, प्रत्येक खिळा डोळ्यांत तेल घालून पाहिलेला असावा लागतो. हलकेपणा म्हणजे वजनाच्या जागी आलेली काळजी.

माझ्या गाडीची ही काळजी छत्तीस वर्षे मिस्त्रींनी वाहिली. या इंजिनाची गंमत अशी की त्याच्या बोल्टांचे आटे मिलिमीटरचे आणि डोकी विलायती व्हिटवर्थ मापाची. बाजारातला पाना डोक्याला बसावा तर बोल्ट दुसराच निघावा. मिस्त्रींनी स्वतः पाने घासून घासून एक संच बनवला आणि एका डब्यात वेगळा ठेवला. त्या डब्यातला पाना दुसऱ्या गाडीला लागत नाही. दोन्ही कार्बोरेटर सारखा श्वास घेतात की नाही, हे ते रबरी नळीचे एक टोक कानाला लावून ऐकतात. डॉक्टर छाती तपासतो तसे.

एकदा मला हुशारी सुचली. घरीच तेल बदलावे म्हणून मी इंजिनाखालच्या टाकीचे बूच लांब दांड्याच्या पान्याने मन लावून आवळले. आटे गेले. रात्रभर अंगणात तेल ठिबकत राहिले. मिस्त्री आले, बोटाने भोक चाचपले आणि म्हणाले, "हे अल्युमिन हाय, साहेब. हाताला कळतं तिथं थांबायचं असतं." माझ्या हाताला काही कळले नव्हते. मालकाचा हात होता तो. त्याला फक्त जोर ठाऊक.

आता युक्तिवाद पाहू. 'कसेल त्याची जमीन' हे वाक्य ऐकत आम्ही वाढलो. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० सालचा. त्यातल्या संरक्षित कुळांची प्रकरणे मी दोन्ही बाजूंनी चालवली आहेत. मग 'कसेल त्याची गाडी' का नाही? माझ्यातला मालकाचा वकील ताबडतोब उभा राहतो: मिस्त्रींना दर खेपेला मजुरी दिली आहे. न्हाव्याने चाळीस वर्षे केस कापले म्हणून डोके काही त्याचे होत नाही!

मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. न्हावी नसला तरी डोके राहतेच. मिस्त्री नसते तर माझी गाडी केव्हाच भंगारात गेली असती. मजुरी मी हातांची दिली. रात्री झोप येईना म्हणून "तो आवाज मागच्या बेअरिंगचा तर नसेल?" असा विचार करत पडणारे जे मन, त्याचे बिल त्यांनी कधी केले नाही आणि मी कधी मागितले नाही. कुळालाही पिकाचा वाटा मिळतच होता की! तरी कायद्याला वाटले की वाटा देऊन जमिनीचे सगळे देणे फिटत नाही.

नांदेडला हुजूर साहिबच्या मिरवणुकीत गुरू गोविंदसिंगांचा म्हणून घोडा निघतो. त्याला न्हाऊमाखू घालतात, सजवतात, पण त्याच्यावर स्वार कुणी होत नाही. मालक १७०८ साली गेला. सेवा चालूच आहे. सेवा करणाऱ्याच्या मनात 'हा माझा' असे येत नसेल असे नाही. पण तो 'माझा' आणि माझ्या नोंदणीपुस्तकातला 'माझा', हे दोन निराळे शब्द आहेत. एकाचे स्वामित्व विकण्यात प्रकट होते, दुसऱ्याचे न विसरण्यात.

खंडेनवमीच्या आधी गाडी नेहमीप्रमाणे नांदेडला नेली. काम झाल्यावर किल्ली पुढे करून मी म्हणालो, "आज लातूरपर्यंत तुम्ही चालवा." मिस्त्री चपापले. छत्तीस वर्षांत ते तिला 'ट्रायल'पुरते कोपऱ्यापर्यंत नेऊन आणत. मी कधी 'नको' म्हटले नव्हते. पण 'घ्या' असेही म्हटले नव्हते. सज्जनपणाने केलेला अन्याय बहुधा असाच असतो.

लोहा गेले, माळेगाव गेले. दर मार्गशीर्षात इथे खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, दात पाहून, पाठ थोपटून सौदे होतात. अहमदपूरकडच्या चढावर मिस्त्रींनी गिअर मी बदलतो त्याच्या पुष्कळ आधी बदलला, आणि इंजिन कुरकुरलेच नाही. इतकी वर्षे मी तिला दटावत होतो, हे डावीकडच्या बैठकीवर बसून मला समजले.

चहाला थांबलो तेव्हा मी म्हटले, "मिस्त्री, गाडी तुम्हीच ठेवून घ्या."

ते मोठ्याने हसले. "मी ठेवू कुठं, साहेब? शेडात पाणी गळतंय. अन् तिचं पेट्रोल?" मग बशी खाली ठेवून म्हणाले, "गाडी नको. कुणाला देताय तेवढं आधी दाखवा. त्याच्या हाताला ती पटंल का, ते मला कळतं."

मी गप्प झालो. जमीन विकायची तर आधी कुळाला विचारा, हे कायद्यात मी किती वेळा वाचून दाखवले असेल! सातबारा कधी हातात न धरलेल्या या माणसाने नेमका तेवढाच हक्क मागितला. मालकी नको, पण आपल्या पाठीमागे सौदा नको.

मुंबईच्या गिऱ्हाइकाला मी कळवले आहे की दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा नांदेडला यावे आणि मिस्त्रींच्या शेजारी बसून तासभर गाडी चालवावी. दर मी ठरवीन; होकार मिस्त्री देतील. या अटीला कागदोपत्री काडीचाही आधार नाही, हे मी वकील म्हणूनच सांगतो.