गर्दीतून बाजूला



त्या बहिऱ्या माणसाला येशूने आधी गर्दीतून बाजूला नेले (मार्क ७:३३). काहींना चाळिशी-पन्नाशीत कळते, की आपल्याला जन्मापासून स्वमग्नता आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी तिचे वर्णन केले ते लहान मुलांचे. मोठ्यांकडे फार काळ कोणी पाहिलेच नाही. 'माणूसघाणा', 'हेकट' ही नावे त्यांना घरातच मिळाली. हा शाप नव्हे, आईवडिलांच्या संगोपनातली चूकही नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. लक्ष्मीपुरी बाजारातला गलका ज्याला सोसत नाही, त्याला मिस्सेनंतरचा आपला गलकाही सोसत नाही. (आपला माईकही जरा मोठाच असतो!) शांतीच्या अभिवादनाला त्याने नजर चुकवली, तर रागावू नका. दाराजवळचे शेवटचे बाक अशांसाठी मोकळे ठेवावे.