पूर्ण योद्धा आणि अर्धा योद्धा

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर रियाध येथे फ्रान्सिस एंगानू या मिश्र युद्धकलेतील माजी हेवीवेट विजेत्याने, व्यावसायिक मुष्टियुद्धातील आपल्या पहिल्याच लढतीत, टायसन फ्युरीसारख्या विश्वविजेत्याला तिसऱ्या फेरीत जमिनीवर पाडले. आणि तेव्हापासून आमच्याकडील क्रीडालेखनात एक सिद्धान्त असा रूढ होऊन बसला आहे, की मिश्र युद्धकलेचा योद्धा हा पूर्ण योद्धा आणि मुष्टियोद्धा हा अर्धा. पूर्णातून अर्धे वेगळे काढणे सुकर, अर्ध्याचे पूर्ण करणे दुष्कर. सबब पहिल्याचे दुसऱ्याच्या क्षेत्रात जाणे सोपे व दुसऱ्याचे पहिल्याच्या क्षेत्रात येणे जवळजवळ अशक्य. ज्या अभ्यासू टीकाकारांनी हा सिद्धान्त अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला, त्यांच्याशी माझी तकरार जुनी आहे. ती लढत परीक्षकांच्या विभागलेल्या कौलाने का होईना, अखेर फ्युरीनेच जिंकली, आणि पुढे मार्च २०२४ मध्ये त्याच रियाधला अँथनी जोशुआने त्याच एंगानूला दुसऱ्या फेरीतच निश्चेष्ट केले; ही दुसरी रात्र त्यांच्या मांडणीत जमेस धरलेली नाही.

हा प्रश्न आपल्या काळातच प्रथम उपस्थित झाला, असे मानण्याचे कारण नाही. ऑलिंपियाच्या क्रीडोत्सवात मुष्टियुद्ध इ. स. पू. ६८८ मध्ये आणि पॅन्क्रेशन, म्हणजे चावणे व डोळ्यांत बोटे घालणे वगळता बहुतेक सर्व मुभा असलेले द्वंद्व, इ. स. पू. ६४८ मध्ये समाविष्ट झाले. आणि एकाच मल्लाने दोन्हींत उतरावे की नाही, उतरल्यास त्याची किंमत काय, याचा विचार ग्रीकांना प्रत्यक्ष दंडाच्या रकमेपर्यंत करावा लागला. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियसने नोंदविलेला थासोसच्या थिआजेनीसचा वृत्तान्त या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. इ. स. पू. ४८० मध्ये थिआजेनीसने मुष्टियुद्धात युथिमोसचा पराभव केला. परंतु त्या झुंजीने तो इतका थकला, की ज्या पॅन्क्रेशनसाठी त्याने नाव दिले होते त्यात तो उभाच राहू शकला नाही. पंचांनी निर्णय दिला, की युथिमोसला डिवचण्यासाठीच हा मुष्टियुद्धात उतरला, आणि त्याला एक टॅलेंट देवाला व एक टॅलेंट युथिमोसला असा दंड ठोठावला. चार वर्षांनी त्याने पॅन्क्रेशन जिंकले, पण युथिमोसची भरपाई म्हणून मुष्टियुद्धात तो उतरला नाही. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाणारा मल्ल तेथल्या मूळ रहिवाशाचे काही हिरावून घेतो, ही जाणीव त्या निर्णयात आहे, आणि आजच्या कोट्यवधी डॉलरांच्या लढतींच्या वर्णनांत मला ती कोठेच आढळत नाही.

त्याहून बोधक आहे थीब्जच्या क्लिटोमाकसची कथा. कुस्ती, मुष्टियुद्ध आणि पॅन्क्रेशन या तिन्हींत नावाजलेल्या या मल्लाने इ. स. पू. २१२ च्या ऑलिंपियात पंचांना विनंती केली, की मुष्टियुद्धाचे घाव अंगावर बसण्यापूर्वी पॅन्क्रेशन घ्यावे. विनंती रास्त ठरली, क्रम बदलला. पॅन्क्रेशनमध्ये काप्रोसने त्याला हरविले, आणि त्यानंतर तो मुष्टियुद्धात उतरून विजयी झाला. जो ‘पूर्ण’ द्वंद्वात पराभूत झाला तोच ‘अर्ध्या’ द्वंद्वात सर्वांस भारी पडला, आणि घावांचे भय त्याला वाटत होते ते त्या अर्ध्याचेच! पूर्णात अर्धे अंतर्भूत असते, हा सिद्धान्त येथेच कोसळतो.

मुष्टियुद्धाला अर्धे म्हणणारे आणखी एक गोष्ट विसरतात. १८३८ च्या लंडनच्या नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटण्याची मुभा मुष्टियोद्ध्यांना होती. ती १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी काढून घेतली, हातमोजे सक्तीचे केले आणि तीन मिनिटांची फेरी ठरविली. या वजाबाकीने कला तोकडी झाली नाही, खोल झाली: पकडीचे भय गेल्यामुळे कमरेतून वाकून ठोसा डोक्यावरून जाऊ देणे, पुढच्या पायावर भार घेणे, मोठ्या मोज्यांची ढाल करून कोंडीत तग धरणे, या सर्व विद्या वाढल्या. याच विद्या चार औंसांचे मोजे असलेल्या, मिश्र युद्धकलेच्या पिंजऱ्यात घातक ठरतात, कारण वाकलेले मस्तक गुडघ्याच्या वाटेत येते, भार घेतलेला पाय लाथेचे लक्ष्य होतो, आणि मिठी मारल्यावर पंच सोडवायला येत नाही. जी मिठी मुष्टियोद्ध्याची विश्रांती, तेथूनच दुसऱ्याचे काम सुरू होते. उलट दिशेने जाणाऱ्याचीही स्थिती तीच. पट काढला जाईल या सवयीच्या भीतीने तो रुंद पावलांनी आणि दुरून लढतो, म्हणून त्याचा ठोसा क्षणभर उशिरा पोहोचतो.

आता टीकाकारांचा आवडता दाखला घेऊ. २०१० च्या ऑगस्टमध्ये बॉस्टन येथे जेम्स टोनी या मुष्टियुद्धातील माजी विश्वविजेत्याला मिश्र युद्धकलेच्या रँडी कूटूरने, आमच्या कोल्हापूरच्या तालमीत पोरेसोरेही ओळखतील असा एकेरी पट काढून, खाली घेतले आणि पहिल्या फेरीतच गळ्याच्या कोंडीने शरण आणले. टोनी त्या वेळी बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा उत्तम काळ केव्हाच सरला होता. मिश्र युद्धकलेचा कॉनर मॅकग्रेगर मात्र २०१७ मध्ये मुष्टियुद्धात फ्लॉइड मेवेदरसमोर गेला तो एकोणतिशीत, ऐन भरात, आणि तरीही दहाव्या फेरीत पंचाला लढत थांबवावी लागली. मुष्टियुद्धात पैसा अधिक, म्हणून मिश्र युद्धकलेचे योद्धे ऐन उमेदीत तिकडे जातात. मुष्टियोद्धे इकडे येतात ते बहुधा उतरत्या वयात. अशा विषम तराजूत तोललेला फैसला मला मान्य नाही. शिवाय २००९ मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांच्या रे मर्सर या मुष्टियोद्ध्याने मिश्र युद्धकलेचा माजी हेवीवेट विजेता टिम सिल्विया याला मिश्र नियमांखालीच नऊ सेकंदांत आडवा केला, हा दाखला टीकाकारांच्या कैफियतीत नाही.

परंतु हेच दाखले जवळून पाहू लागलो, की मुष्टियुद्धाची वकिली करण्यापेक्षा निराळेच काही हाती लागते. मॅकग्रेगर लहानपणी डब्लिनच्या क्रम्लिन भागातील मुष्टियुद्ध क्लबात शिकला होता. एंगानू कॅमेरूनहून पॅरिसला पोहोचला तो मुष्टियोद्धा होण्याच्या ध्यासाने. मिश्र युद्धकला त्याला तेथे भेटली. २०२१ मध्ये हूलिओ सेझार चावेझ धाकट्याला हरविणाऱ्या अँडरसन सिल्व्हाने त्यापूर्वीही व्यावसायिक मुष्टियुद्ध केले होते. आणि २०१५ मध्ये मेलबर्नला मिश्र लढतीत राँडा राउझीला निश्चेष्ट करणारी हॉली होम ही मुष्टियुद्धाची विश्वविजेती खरी, पण तो निर्णायक प्रहार लाथेचा होता, आणि लाथांचे किकबॉक्सिंग ती मुष्टियुद्धाच्या कारकिर्दीआधीच शिकली होती. ज्यांना आपण स्थलांतरित म्हणतो त्यांतील बहुतेक जण परतलेले आहेत. प्रौढपणी कमावलेले कौशल्य नियम बदलताच डळमळते, बालपणी अंगी भिनलेले मात्र हाकेला ओ देते, असे या सर्व उदाहरणांवरून मला वाटू लागले आहे. कोणता खेळ पूर्ण आणि कोणता अर्धा, हा भेद त्यापुढे गौण ठरतो. आमच्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी तर खेळही बदलला नव्हता, केवळ लाल मातीऐवजी मॅट आणि ओळखीच्या नियमांऐवजी आंतरराष्ट्रीय नियम पत्करले होते. तरी १९४८ च्या लंडनमधील सहाव्या क्रमांकापासून १९५२ च्या हेलसिंकीतील कांस्यपदकापर्यंत पोहोचायला चार वर्षे लागली.

म्हणून मला या वादात एकच दाखला निर्मळ वाटतो, आणि तो क्लारेसा शील्ड्सचा. वयाच्या अकराव्या वर्षापासून केवळ मुष्टियुद्ध केलेली, लंडन व रिओ येथील दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी असलेली ही योद्धी २०२१ मध्ये, ऐन सव्विसाव्या वर्षी, पिंजऱ्यात उतरली. पहिल्या लढतीत जमिनीवर बराच काळ दाबली गेली, तरी तिसऱ्या फेरीत तिने प्रतिस्पर्धिनीला हरविले. दुसरी लढत विभागलेल्या कौलाने गमावली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिसरी त्याच प्रकारच्या कौलाने जिंकली. मधल्या काळात ती मुष्टियुद्धाची विश्वविजेतेपदे लढवीत होती, म्हणजे या नव्या विद्येला तिने अखंड असा काळ कधी दिलाच नाही. आणि तरीही, ज्याला जवळजवळ अशक्य ठरविले होते, त्याचे तीनांतील दोन निकाल तिच्या बाजूने आहेत. टीकाकारांनी उत्तर द्यायचे असेल तर टोनीला बाजूला ठेवून या तीन लढतींचे द्यावे.